टेस्टोस्टेरॉन कमी आलंय? आधी रक्त किती वाजता काढलं ते बघा

पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांसाठी असलेल्या चेकअपच्या पॅकेजांत हल्ली टेस्टोस्टेरॉनही घातलेलं असतं. थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व यांच्या रांगेत तो आकडा येतो, समोर 'लो' छापलेलं असतं आणि त्यावर कुणीतरी इंजेक्शन सुचवतं. इंजेक्शन देणं सोपं आहे. ते खरंच हवं होतं का, हे ठरवतानाच बहुतेक चुका होतात, आणि त्या पुढे बराच काळ निस्तराव्या लागतात.

हे संप्रेरक रक्तात सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दुपारनंतर उतरतं. जेवणानंतर, विशेषतः साखर पोटात गेल्यावर, ते पाव हिश्श्याने खाली येऊ शकतं. म्हणून रक्त सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं, चहा-बिस्किटंसुद्धा नंतर. रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळ न बघता आपल्या झोपेवर जावं आणि उठल्यापासून दोन-तीन तासांत नमुना द्यावा. डेंगी, चिकुनगुनिया, मोठं ऑपरेशन, हॉस्पिटलातली भरती अशा काळात टेस्टोस्टेरॉन खाली जातंच, तेव्हा ते मोजण्यात अर्थ नसतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर आकडा खोटा जास्त दिसतो. मोठ्या डोसच्या गोळ्या तीन दिवस आधी बंद ठेवाव्यात, आणि लॅबला तसं सांगावं.

आता एकक. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर लिहितात, काही नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, तर परदेशातल्या रिपोर्टांत नॅनोमोल प्रति लिटर असतं. ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजेच साधारण १०.४ नॅनोमोल प्रति लिटर. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'एकदम घसरलं' म्हणण्याआधी हे तपासावं.

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरची सीमा धरते. पण एका रिपोर्टवर काहीच ठरत नाही. पहिल्यांदा कमी आलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लोकांचा आकडा दुसऱ्या वेळी नॉर्मल येतो. दुसरा नमुना वेगळ्या दिवशी, त्याच पद्धतीने आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये द्यावा.

दोन्ही वेळा २०० ते ४०० च्या मधलं काही आलं तर एसएचबीजी आणि अल्ब्युमिन मोजून मोकळं, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं, टेस्टोस्टेरॉन हिशेबाने काढावं लागतं. एसएचबीजी हे टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिन. लठ्ठपणा आणि टाइप २ मधुमेहात ते कमी होतं, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसला तरी शरीराच्या हाती लागणारा हिस्सा ठीक असू शकतो. वय वाढतं तसं ते वाढतं, म्हणून सत्तरीच्या माणसात नेमकं उलटं घडतं: एकूण आकडा बरा, मोकळा हिस्सा तोकडा. पॅकेजमध्ये स्वस्तात मिळणारी 'फ्री टेस्टोस्टेरॉन'ची थेट इम्युनोअॅसे चाचणी मात्र भरवशाची नाही. त्यापेक्षा एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन हे तीन आकडे घेऊन मोकळा हिस्सा काढणाऱ्या व्हर्म्युलेन सूत्रात घातलेले बरे.

लक्षणांशिवाय आकड्याला किंमत नाही. थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा, पोट सुटणं ही लक्षणं अर्ध्या गावाला असतात. त्यामागे रक्तक्षय, थायरॉइड, वाढलेली साखर, घोरणं-गुदमरणं, नैराश्य यांतलं काहीही असू शकतं. युरोपातल्या ४० ते ७९ वयाच्या पुरुषांच्या मोठ्या अभ्यासात, जो २०१० साली प्रसिद्ध झाला, तीनच लक्षणांचं टेस्टोस्टेरॉनशी नातं नीट जुळलं: कामेच्छा कमी होणं, पहाटेची ताठरता जाणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणं. ही तीनही लक्षणं आणि सोबत खरोखर कमी आकडा असलेले पुरुष फक्त २ टक्क्यांच्या आसपास निघाले. 'पुरुषांची मेनोपॉज' वगैरे जाहिरातींचं म्हणूनच आश्चर्य वाटतं. कामेच्छा शाबूत आहे आणि फक्त ताठरतेची अडचण आहे, तर दोष बहुधा रक्तवाहिन्यांचा असतो. तिथे आधी साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि हृदय तपासायचं, कारण ही अडचण हृदयविकाराच्या काही वर्षं आधीही दिसू शकते.

निदान पक्कं झालं की एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारी, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीची संप्रेरकं. ते वाढलेले असतील तर दोष वृषणात आहे. कमी किंवा 'नॉर्मल' असतील तर वरून, पियुषिका ग्रंथीकडून, हुकूमच येत नाही. मग प्रोलॅक्टिन (पियुषिकेचंच आणखी एक संप्रेरक) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघायचं. टेस्टोस्टेरॉन १५० च्याही खाली असेल, प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल, डोकं दुखत असेल किंवा नजर कडेने कमी झाली असेल तर पियुषिकेचा एमआरआय. ही पायरी गाळून थेट इंजेक्शन दिलं की ग्रंथीतली गाठ वर्षभर लपून राहू शकते. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइडं, जिममध्ये स्नायू वाढवायला घेतलेल्या इंजेक्शनांच्या 'सायकल', रोजची दारू ही कारणं विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. लठ्ठ माणसाने वजन १० टक्क्यांनी उतरवलं तरी आकडा औषधाविना वर सरकतो. शिलाजित आणि 'जोश'च्या चूर्णांबद्दल एवढंच, की अशा काही उत्पादनांत गुपचूप मिसळलेलं सिल्डेनाफिल सापडलेलं आहे. नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्या हृदयरोग्याचा रक्तदाब त्याने जीवघेणा घसरतो.

उपचार कुणी घेऊ नये? प्रोस्टेट किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्यांनी, पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) ४ च्या वर असून युरॉलॉजिस्टने पाहिलेलं नसेल त्यांनी, गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेल्यांनी, काबूत नसलेलं हार्ट फेल्युअर किंवा उपचार न घेतलेला तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) असलेल्यांनी. आणि ज्यांना मूल हवंय त्यांनी. हे शेवटचं सर्वांत जास्त दुर्लक्षित. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू एलएच-एफएसएच थांबवतो, वृषणातलं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन पडतं आणि शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात. 'ताकदीसाठी' घेतलेलं हे इंजेक्शन वंध्यत्वाचं कारण ठरतं, आणि थांबवल्यावर शुक्राणू परत यायला सहा महिने ते दोन वर्षंही लागतात. पियुषिकेकडून हुकूम येत नसेल आणि मूल हवं असेल तर एचसीजी किंवा क्लोमिफिनसारखा वेगळा रस्ता तज्ज्ञांकडून घ्यावा.

एक टक्क्याच्या जेलचं ५ ग्रॅमचं पाकीट म्हणजे ५० मिलिग्रॅम, त्यातलं दहाएक टक्केच आत शिरतं. सकाळी आंघोळ करून, अंग पूर्ण कोरडं करून खांद्यांवर आणि दंडांवर लावायचं, जननेंद्रियावर नाही. हात साबणाने धुवायचे, वाळलं की सदरा चढवायचा. जेल अल्कोहोलमध्ये बनवलेलं असतं, त्यामुळे वाळेपर्यंत गॅस, निरांजन, सिगरेट लांब. खरा धोका उन्हाळ्यात: सँडो बनियनवर बसलेले आजोबा नातीला खांद्यावर घेतात आणि तिच्या अंगाला औषध लागतं. लहान मुलांत गुप्तांगावर अकाली केस येण्याचे प्रकार अशानेच घडलेत. बायको गरोदर असेल तर जेल नकोच. रक्त तपासताना नमुना जेल लावलेल्या हातातून काढला तर आकडा हास्यास्पद येतो, हे लॅबवाल्याला आपणच सांगायचं.

इंजेक्शनांत एनान्थेट (शरीरात हळूहळू सुटणारं टेस्टोस्टेरॉनचं एक रूप) आठवड्याला ७५ ते १०० मिलिग्रॅम किंवा दोन आठवड्यांनी १५० ते २०० असं देतात. दोन आठवड्यांच्या अंतरात पहिले काही दिवस अंगात वारं भरतं आणि शेवटी माणूस मलूल होतो. अशांना निम्मा डोस दर आठवड्याला बरा पडतो. चार एस्टर, म्हणजे अशी हळूहळू सुटणारी रूपं, मिसळलेल्या २५० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनात शेंगदाण्याचं तेल असू शकतं. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर लेबल वाचावं. अनडेकॅनोएट १००० मिलिग्रॅम हे एरंडेल तेलातलं ४ मिलिलिटरचं दांडगं इंजेक्शन: पहिलं, मग सहा आठवड्यांनी दुसरं, पुढे १० ते १४ आठवड्यांनी. ते कुल्ल्यात खोल आणि दोन मिनिटं घेऊन हळूहळू द्यायचं असतं. घाईत दिलं आणि तेल शिरेत गेलं तर लगेच खोकल्याची उबळ येते, दम लागतो. म्हणून अर्धा तास दवाखान्यातच बसावं. याच एस्टरची ४० मिलिग्रॅमची कॅप्सूल स्निग्ध जेवणाबरोबर घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर ती जवळपास वाया जाते, आणि नेमकं तेच न सांगता दिली जाते.

उपचार चालू असताना रक्त कधी द्यायचं हेही प्रकारावर ठरतं: एनान्थेटला दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्ये, अनडेकॅनोएट इंजेक्शनला पुढच्या डोसच्या अगदी आधी, जेलला लावल्यावर २ ते ८ तासांत, कॅप्सूलला ३ ते ५ तासांत. दुसऱ्याच दिवशीचा ११०० चा आकडा बघून डोस कमी करणं किंवा शेवटच्या दिवशीचा २५० बघून वाढवणं, दोन्ही चूक.

सगळ्यांत जास्त त्रास रक्त घट्ट होण्याचा. सीबीसीच्या रिपोर्टात पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) म्हणून जो आकडा येतो तो सुरुवातीला, मग तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षाला बघायचा. सुरुवातीलाच ५० च्या वर असेल तर आधी कारण शोधायचं, ५४ ओलांडला तर औषध थांबवायचं. इंजेक्शनवर हे जेलपेक्षा जास्त होतं. विडी-सिगरेट आणि घोरणं त्यात भर घालतात. रक्तदान करून आकडा खाली आणायचा आणि डोस तोच ठेवायचा, ही पळवाट टाळावी. डोस कमी करा किंवा जेलवर या. पीएसए पहिल्या वर्षात १.४ पेक्षा जास्त वाढला तर युरॉलॉजिस्ट.

हृदयाच्या भीतीवर २०२३ साली ट्रॅव्हर्स चाचणीचा निकाल आला. हृदयविकाराचा धोका असलेल्या ५,२०० हून अधिक पुरुषांत जेलने हार्ट अटॅक, पक्षाघात वाढले नाहीत. पण एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) आणि फुप्फुसात गुठळी जाण्याचे प्रकार थोडे जास्त दिसले. २०२४ च्या सुरुवातीला त्याच चाचणीतून हाडं मोडण्याचं प्रमाणही थोडं वाढलेलं दिसलं, जे अनेकांच्या अपेक्षेच्या उलट होतं.

कामेच्छेतला फरक तीन ते सहा आठवड्यांत कळायला हवा, ताठरतेला सहा महिने द्यावेत. तोवर आकडा योग्य येऊनही काहीच बदललं नसेल तर कारण दुसरं आहे, औषध बंद करावं. बंद केल्यावर काही महिने आधीपेक्षा वाईट वाटतं, कारण वृषणं तोवर सुस्त पडलेली असतात. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत दोन वर्षं अनडेकॅनोएट घेतलेल्या पुरुषांची संप्रेरकं पूर्ववत व्हायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण वर्ष लागलं. त्यामुळे बंद केल्यावर तिसऱ्याच महिन्यात रक्त देऊन, आकडा कमी बघून, 'मला हे जन्मभर लागणार' असं ठरवू नये.