तुम्ही विचारलंत म्हणून: तो कूलर मी का टाकत नाही

"मुलगी कमावती झाली, तुला पगार बरा आहे, मग खिडकीतला तो फुटका कूलर का टाकून देत नाहीस?" दर मार्चमध्ये ताट्या बदलायला काढल्या की कुणीतरी हे विचारतंच. शेजारी, मेहुणे, ऑफिसातले. वर उत्तरही तेच देतात: "बाबांची आठवण असेल." मी गप्प बसतो. यंदा सांगून टाकतो. तो कूलर बाबांचा नाही. बाबांचा कूलर मी भंगारात विकला. हा त्याच्या जागी आणलेला.

2013 चा मे. 23 तारखेला नागपुरात पारा 47.9 वर गेला, तेच दिवस. बाबा वर्ध्याला आत्याकडे गेले होते. त्यांचा कूलर पत्र्याचा, 18 इंची पंख्याचा. एम्प्रेस मिलमध्ये आयुष्यभर फिटरकी केलेला माणूस. टाकी गंजू नये म्हणून दरवर्षी आतून डांबर फासायचे, बोटं आठवडाभर काळी. त्या मे महिन्यात बटण दाबलं की मोटर नुसती घूं करायची, पातं हलायचं नाही. जाळीतून काडी घालून ढकललं तरच फिरायचं. मी ठरवलं, मोटर गेली. कबाडीवाला आला, काटा लावला, किलोवर पैसे दिले. त्याच झपाट्यात मी बाबांचा बिस्किटाचा डबाही दिला: स्क्रू, वायसर, बुश, तारेचे तुकडे. 'कामी येईल' म्हणून तीस वर्षं जमवलेलं.

बाबा आले. खिडकीत पांढरं प्लास्टिक बघून त्यांनी एवढंच विचारलं, "कुठं दिला?" दुपारचे दोन वाजले होते. डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते पायीच निघाले. मी स्कूटर घेऊन मागे गेलो, बसा म्हणालो, बसले नाहीत. दुकानात पोचलो तेव्हा पत्रा चेपून गठ्ठ्यात गेला होता. मोटर फोडलेली, तांब्याच्या तारेचा गुंता वेगळा काढलेला. डबा सापडलाच नाही. बाबा उकिडवे बसून ढिगात बराच वेळ चाचपडत राहिले आणि त्यातून त्यांनी काळी, आगपेटीएवढी डबी काढली. कंडेन्सर, मोटरला फिरायला सुरुवातीचा धक्का देणारा. एका बाजूनं फुगलेला. तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "हा गेला होता. साठ रुपयाचा." आणि मग, "काहून रे, बिघडलं काय होतं ते तं पाह्यचं होतं."

रागावले असते तर मी भांडलो असतो. भांडायला माझ्याकडे मुद्दे होते, आजही आहेत. त्या पत्र्याच्या कूलरनं आईला एकदा असा शॉक दिला होता की बादली हातातून उडाली. ओल्या हातानं कूलरला हात लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. माळ्यावर तीन मिक्सर आणि दोन इस्त्र्या 'बघू कधीतरी' म्हणून पडल्या होत्या, आणि झाडझूड बाबा नव्हते करत, आई करायची. साठवणाऱ्यांच्या घरात कुणाला तरी वाकावं लागतं. 2013 मधला मी अगदीच मूर्ख नव्हतो.

पण त्यानं मोटर उघडून बघितली नव्हती, हेही खरं.

नव्या कूलरचा पंप दुसऱ्या वर्षी गेला. कंपनीचा माणूस म्हणाला, मॉडेल बंद झालं, नवीन घ्या. 'दुरुस्तीच्या हक्का'साठी केंद्रानं 2022 मध्ये समिती नेमली, पण माझं काम त्याआधीच एका गल्लीतल्या मेकॅनिकनं केलं होतं. दुसऱ्याच मापाचा पंप, मध्ये रबरी नळीचा तुकडा. मग बटण, मग बुश, मग बॉडीला पडलेली चीर. कंडेन्सर दोनदा मी स्वतः बदलला.

मेहुणे म्हणतात, जुनं काढायची रीत आपल्याकडेही आहे. तान्ह्या पोळ्याला 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ईडापीडा गावाबाहेर घालवतोच ना? घालवतो. पण मारबतीचा पुतळा जळून जातो. हा कूलर भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगावर तसाच पडून राहील. हे मी त्यांना ऐकवतो, आणि ऐकवताना मलाच कळतं की खरं कारण हे नाही. तो कंडेन्सर माझ्या कपाटात आहे.

मुलीला यंदा एसी हवाय. रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात, तिचं चूक नाही. मी हो म्हणालेलो नाही, नाहीही म्हणालेलो नाही.

बाबांनी नव्या कूलरला शेवटपर्यंत हात लावला नाही. तो सुरू झाला की ओसरीत जाऊन बसायचे, ओला दुपट्टा खांद्यावर टाकून. राग होता, की नुसती ती हवा सोसत नव्हती, मी कधी विचारलं नाही.