सासूबाईंचे व्हिएन्नाचे कागद

नाझींच्या छळामुळे ऑस्ट्रिया सोडावा लागलेल्यांच्या वंशजांना १ सप्टेंबर २०२० पासून ऑस्ट्रियाचं नागरिकत्व घेता येतं. असलेलं नागरिकत्व सोडायची अट नाही, फी नाही, जर्मन भाषेची परीक्षाही नाही. ब्रेक्झिटनंतर लंडनमधल्या आमच्यासारख्या घरांत या कायद्याची बरीच चर्चा झाली. माझ्या सासूबाई व्हिएन्नाच्या, नऊ वर्षांच्या असताना एकट्या इंग्लंडला आलेल्या. अर्ज नवऱ्याचा आणि मुलांचा, पण कागद जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं तर लग्नाने घरात आलेल्यांना या कलमात जागाच नाही.

नाशिकहून आईने फोनवर विचारलं, "अगं, ज्यांनी हाकललं त्यांच्याच दारात परत कशाला जायचं?" मी ते सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलतेय तुझी आई. मला नकोच आहे ते. पोरांना हवं असेल तर घेऊ देत."

सिद्ध दोन गोष्टी करायच्या होत्या: पूर्वज तिथले होते आणि आपण त्यांचेच वंशज. दुसरी सोपी. जन्माचे, लग्नाचे दाखले, त्यांवर अपोस्टिल (म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून जोडलेलं सरकारी प्रमाणपत्र), मोठ्यांचा पोलीस दाखला. एका दुकानात झेरॉक्स काढताना अपोस्टिलचं पान सुटं केलं गेलं आणि तो दाखला सगळा नव्याने करून आणावा लागला, तेवढंच. आपल्याकडे जातपडताळणीसाठी पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधलेला असेल, तर या कामाची सवय असतेच.

पहिली गोष्ट मात्र मला थेट १९३८ मध्ये घेऊन गेली, नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला त्या वर्षात. तेव्हापर्यंत व्हिएन्नात ज्यूंच्या जन्माची नोंद ज्यू समाजाच्या संस्थेकडे होत असे. त्या वह्या अजून आहेत, सासूबाईंच्या जन्माचा उतारा त्यांतूनच मिळाला. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून आलं ते चार पानी मालमत्तापत्रक. पाच हजार राइशमार्कपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूने ते ३० जून १९३८ पर्यंत भरायचं होतं. नवऱ्याच्या आजोबांचं हातमोज्यांचं छोटंसं दुकान होतं. दोन शिलाई मशिनं, शिल्लक माल, विम्याची पॉलिसी, चांदीचे चमचे, आजीची अंगठी. प्रत्येकापुढे रक्कम, शेवटी सही. मागे डिसेंबरमधलं एक पत्र टाचलेलं, आजीच्या अक्षरात: दुकान आता आपलं नाही, कृपया रक्कम कमी करावी. आजोबांना ते लिहिणं शक्य नव्हतं. नोव्हेंबरमध्ये नाझींनी ज्यूंची दुकानं-प्रार्थनास्थळं फोडली, त्या रात्रीनंतर पकडून दाखाऊच्या छळछावणीत नेलेल्या हजारोंत तेही होते. लुटीचा हिशेब इतका टापटीप ठेवलेला की आज त्यावर वारस ठरतात. यात लोकांना न्याय दिसतो. मला कारकुनी दिसली.

सासूबाईंनी यादी वाचली आणि म्हणाल्या, "चमचे जास्त होते." मग बराच वेळ त्या दुकानाबद्दल बोलत राहिल्या. हातमोजा ग्राहकाच्या बोटांत बसवण्याआधी आजोबा लाकडी चिमट्याने त्याची बोटं ताणून घेत, हे मला तेव्हा कळलं.

देश सोडायलाही कागदच लागत. मोठ्या मालमत्तेवर चौथा हिस्सा 'पलायन कर'. यांच्याकडे तेवढं नव्हतं, पण कर थकलेला नाही हा दाखला हवाच, आणि एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. जाताना रोख नेता येई दहा मार्क. ज्यू संस्थेच्या स्थलांतर अर्जात एक प्रश्न होता, नवीन कोणता धंदा शिकलात? आजीने लिहिलं होतं, स्वयंपाक. त्याच जोरावर १९३९ मध्ये तिला इंग्लंडमध्ये घरकामाचा परवाना मिळाला. अशा सुमारे वीस हजार बायका आल्या. सासूबाई त्याआधीच ज्यू मुलांना एकटं इंग्लंडला नेणाऱ्या गाडीने निघाल्या होत्या: व्हिएन्नाचं वेस्टबानहोफ स्टेशन, हूक ऑफ हॉलंड, तिथून बोटीने हार्विच. देश सोडायच्या बोलीवर सुटलेले आजोबा केंटमध्ये सँडविच गावाजवळच्या किचनर कॅम्प या निर्वासित छावणीत पोहोचले. तिघंही इंग्लंडात, पण तीन पत्त्यांवर.

युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने शत्रूदेशातून आलेल्यांची चौकशी केली, त्यातलं आजीचं १९३९ चं कार्ड लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मिळालं. त्यात 'नाझी जुलमातून आलेली निर्वासित', म्हणून नजरकैदेतून सूट, पण राष्ट्रीयत्व 'जर्मन', कारण ऑस्ट्रिया तेव्हा नकाशावरच उरला नव्हता. तो घोळ सुटला व्हिएन्ना शहराच्या अभिलेखागारातल्या रहिवासी नोंदींमुळे. दर घरबदलाची तारीख त्यांत आहे, शेवटी 'इंग्लंड'. तुम्ही अर्ज करणार असाल तर या नोंदी सगळ्यांत आधी मागवा. फक्त उताऱ्यात मागे राहिलेल्यांच्याही नोंदी येतात, याची मनाची तयारी ठेवा. पणजीच्या नावापुढे तीन घरं बदलल्यावर '१९४२, मिन्स्क' होतं. तिथे जवळच मालि त्रोस्तिनेत्सला नेलेले सुमारे दहा हजार ऑस्ट्रियन ज्यू मारले गेले.

अर्ज वकिलातीत दिला, निर्णय व्हिएन्नातून आला. मंजूर. धाकट्या दिरांचा अर्ज अजून व्हायचाय. पूर्वजांचे कागद तेच, त्यामुळे त्यांना आता आपले स्वतःचे कागद जोडायचेत. फाइल माझ्याकडेच आहे.