पाच 'सी' आणि सहा 'ळ'

इथे आल्यावर लेखनाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. दुसऱ्याच आठवड्यात गृहपाठ: ॲलिटरेशनचं एक वाक्य लिहून आणा. म्हटलं, हा तर आपला अनुप्रास, शाळेत घोकलेला! ऐटीत लिहून नेलं, 'क्लेव्हर कॅट्स क्रॉस सिटी सर्कल्स.' पाचही शब्द 'सी'ने सुरू.

बाई म्हणाल्या, "मोठ्याने वाचा." वाचलं आणि माझं मलाच कळलं. क, क, क आणि मग स, स. मी अक्षरं मोजली होती, त्यांना हवा होता आवाज. शेवटी 'किचन' घातलं असतं, तर स्पेलिंगात 'के' असूनही चाललं असतं. गंमत म्हणजे हेच वाक्य आधी देवनागरीत उतरवलं असतं, तर चूक जागच्या जागी दिसली असती! यमकाचंही तेच. 'लव्ह' आणि 'मूव्ह' कागदावर जुळतात, कानाला नाही.

पण ॲलिटरेशनचं सगळं लक्ष शब्दाच्या सुरुवातीकडे, हे मला खटकलं. मग आमच्या 'ळ'ने काय करायचं? मराठीत 'ळ'ने शब्द सुरूच होत नाही. घरी येऊन हट्टाने लिहिलं:

'मावळतीच्या वेळी ओंजळभर पिवळं ऊन तळ्यावर तरळलं.'

सहा 'ळ', एकही पुढे नाही. आपल्या अनुप्रासात हे खुशाल बसतं. अक्षर शब्दात कुठेही येवो. इंग्रजीत याला वेगळं नाव, कॉन्सोनन्स. स्वर फिरून फिरून आले तर असोनन्स.

उपमा-रूपकांनी फारसा त्रास दिला नाही. 'सारखा' म्हटलं की सिमिली, थेट तेच म्हटलं की मेटाफर. उत्प्रेक्षेतलं 'जणू' कुठे टाकायचं यावर जरा घोळ झाला. बाईंनी ते सिमिलीतच ढकललं. मला पटलं नाही, पण असो.

खरी मजा आली ध्वन्यनुकारी, म्हणजे आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांना. बाईंनी प्रत्येकाला आपापल्या भाषेतले विचारले. मी खळखळ, सळसळ, कडकडाट सांगितले. सगळ्यांना अर्थ न सांगताच कळले. मग हुरूप येऊन म्हटलं, "लखलख." बाईंच्या तोंडून ते 'लकलक' झालं.

"हा कशाचा आवाज?"

"उजेडाचा," मी बोलून गेलो.

वर्ग हसला. मी घाईने चमचम, झगमग, लुकलुक, बुळबुळीत असे आणखी चार पुढे केले, तर त्यातल्या एकालाही आवाज निघेना.