पेन्सिल, ऑपकोडचं पान आणि ८०८५

असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना थेट लिहायची भाषा, पुस्तकावरून शिकायची तर सुरुवात ८०८५ पासूनच करावी, असं माझं मत आहे. इंटेलची ही १९७६ सालची ८ बिटांची चिप. आज नवीन यंत्रात ती कोणी घालणार नाही, पण तिच्या सगळ्या सूचना आणि त्यांचे आकडे, म्हणजे ऑपकोड, एका पानावर मावतात आणि ते पान प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी असतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात विचारलं तर जुनी प्रत मिळून जाते. आधी त्या शेवटच्या पानाची झेरॉक्स काढा. ४० पिनांची आकृती आणि टायमिंग डायग्रामची प्रकरणं पहिल्या वाचनात सरळ सोडा. बहुतेकांचं पुस्तक तिथेच मिटतं.

सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर ८०८५ ची नक्कल करणारा प्रोग्राम, लगेच उघडू नका. पहिले दहा-बारा प्रोग्राम वहीत, हातानं असेंबल करायचे, म्हणजे प्रत्येक सूचनेचा ऑपकोड त्या पानावरून शोधून लिहायचा. पाच बाइटांची बेरीज घेऊ. आकडे मेमरीत २०५० या पत्त्यापासून पुढे ठेवलेले, उत्तर २०७० आणि २०७१ मध्ये. सगळे आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर, ० ते ९ आणि ए ते एफ). ओळीत आधी पत्ता, मग ऑपकोड, मग सूचना:

२००० : २१ ५० २० : एलएक्सआय एच, २०५०
२००३ : ०ई ०५ : एमव्हीआय सी, ०५
२००५ : एएफ : एक्सआरए ए
२००६ : ४७ : मूव्ह बी, ए
२००७ : ८६ : ॲड एम
२००८ : डी२ ०सी २० : जेएनसी २००सी
२००बी : ०४ : आयएनआर बी
२००सी : २३ : आयएनएक्स एच
२००डी : ०डी : डीसीआर सी
२००ई : सी२ ०७ २० : जेएनझेड २००७
२०११ : ३२ ७० २० : एसटीए २०७०
२०१४ : ७८ : मूव्ह ए, बी
२०१५ : ३२ ७१ २० : एसटीए २०७१
२०१८ : ७६ : हॉल्ट

२००८ वर जेएनसी (कॅरी, म्हणजे हातचा, नसेल तर उडी) लिहिताना उडी कुठे पडणार ते अजून ठाऊक नसतं. तिथे दोन रकाने मोकळे सोडून पुढे जायचं, सगळे पत्ते लागले की मागे येऊन भरायचे. असेंबलर, म्हणजे हेच काम करणारा प्रोग्राम, दोन फेऱ्या का मारतो, हे एवढ्यातच कळतं. भरताना २००सी उलटा लिहायचा, आधी ०सी मग २०. नवशिक्यांचा निम्मा वेळ या एका चुकीत जातो, कारण प्रोग्राम चूक दाखवत नाही, भलत्याच पत्त्यावर निघून जातो.

आता मेमरीत ९ए, ५२, ८९, ३ई, ६० ठेवा आणि वहीत ए, बी, सी, एचएल ही रजिस्टरं (चिपमधले आकडे ठेवायचे कप्पे) आणि कॅरी यांचा तक्ता करून एकेक ओळ चालवा. ए मध्ये ९ए, ईसी, मग ७५ आणि कॅरी १, मग बी३, मग १३ आणि पुन्हा कॅरी १. उत्तर २०७० वर १३, २०७१ वर ०२. दशमानात ५३१, ताळा जमतो. शेवटची उडी चुकून २००५ वर दिली तर प्रत्येक फेरीत ए आणि बी दोन्ही पुसले जातात आणि उत्तर शेवटचाच आकडा येतो, ६०. हे मुद्दाम करून बघा. आणि सी मध्ये ०५ ऐवजी ०० घातलात तर फेऱ्या शून्य होत नाहीत, २५६ होतात.

पुस्तकातला प्रोग्राम किटवर (८०८५ च्या सरावाच्या बोर्डवर) जसाच्या तसा चालेल असं नाही. किटची रॅम कुठून सुरू होते ते मॅन्युअलमध्ये बघून सगळे पत्ते बदलावे लागतात, उड्यांमधलेसुद्धा. हॉल्ट दिल्यावर प्रोसेसर थांबतो आणि रिसेटशिवाय कीपॅड दाद देत नाही. रजिस्टरं तपासायची असतील तर हॉल्टच्या जागी मॉनिटरकडे (किटच्या मूळ प्रोग्रामकडे) परत नेणारी आरएसटी सूचना हवी. कितवी, ते त्याच मॅन्युअलमध्ये मिळतं. वही झाल्यावर जीएनयूसिम८०८५ हा सिम्युलेटर वापरा, फुकट आहे. तिथे एफएफएच लिहिलंत तर असेंबलर ते लेबल, म्हणजे पत्त्याला दिलेलं नाव, समजतो. अक्षरानं सुरू होणाऱ्या हेक्स आकड्याआधी शून्य द्यायचं: ०एफएफएच.

सगळ्यात जास्त डोकं खातात ते फ्लॅग, म्हणजे मागच्या गणिताचा निकाल (शून्य आला का, कॅरी आली का) सांगणारे बिट. आयएनआर आणि डीसीआर कॅरीला हात लावत नाहीत, बाकीचे फ्लॅग बदलतात. आयएनएक्स, डीसीएक्स आणि मूव्ह झीरो, कॅरी वगैरे कशालाच हात लावत नाहीत. पुस्तकात हे तक्त्यात असतं, पण तक्ता कोण वाचतो? म्हणून एलईडी उघडझाप करायच्या डिलेत (मुद्दाम वेळ घालवणाऱ्या लूपमध्ये) हमखास घोळ होतो. बीसी मध्ये एफएफएफएफ भरून डीसीएक्स बी आणि लगेच जेएनझेड (झीरो फ्लॅग ० असेल तर उडी) लिहिलं की आधीचा झीरो फ्लॅग १ असेल तर डिले मिळतच नाही, ० असेल तर लूप कधीच संपत नाही. मध्ये मूव्ह ए, सी आणि ओआरए बी हवंच. दोन्ही बाइट मिळून शून्य झाले तरच झीरो फ्लॅग लागतो. यात ए मधला आकडा जातो, तो लागणार असेल तर आधी पुश करा (स्टॅकवर ठेवा), आणि त्याआधी एसपी, म्हणजे स्टॅकचा पत्ता, रॅममध्ये नेऊन ठेवा.

या लूपची एक फेरी ६ + ४ + ४ + १० = २४ टी-स्टेटची, म्हणजे घड्याळाच्या २४ ठोक्यांची. ६५,५३५ फेऱ्या, सुरुवातीच्या एलएक्सआयचे १०, आणि शेवटी उडी न मारल्याबद्दल ३ वजा: एकूण १५,७२,८४७. किटवर ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर चिप त्याचा निम्मा वेग घेते, ३.०७२. म्हणजे डिले साधारण ०.५१२ सेकंदाचा. पुस्तकातलं उदाहरण २ मेगाहर्ट्झच्या घड्याळाचं असेल तर तिथे हाच लूप ०.७८६ सेकंद दाखवेल. उत्तर जुळत नाही म्हणून प्रोग्राम खोडण्याआधी क्रिस्टलवर काय छापलंय ते वाचा.