तुम्ही विचारलंत म्हणून: लशी घेतल्या, तरी सर्दी होतेच कशी?

डेंटिस्टला लोक दातांबद्दल कमी आणि बाकी सगळ्याबद्दल जास्त विचारतात. सध्या पहिला नंबर या प्रश्नाचा, की डॉक्टर, कोविडचे डोस झाले, फ्लूचं इंजेक्शनही घेतलं, तरी पहिला पाऊस पडला की नाक गळायला लागतंच, मग लशीचा उपयोग काय?

अहो, लस टोचली दंडात, आणि व्हायरस येतो नाकातोंडातून. दंडातल्या लशीने मुख्यतः रक्तातली आयजीजी नावाची अँटीबॉडी (व्हायरसला धरणारं प्रोटीन) वाढते, ती फुप्फुसांपर्यंत पोचते, त्यामुळे न्यूमोनिया आणि आयसीयू टळतं, आणि हे काही थोडंथोडकं नाही. पण नाकाच्या ओलसर अस्तरावर आणि लाळेत चलती वेगळ्याच अँटीबॉडीची, तिचं नाव सिक्रेटरी आयजीए, आणि दंडातल्या इंजेक्शनने ती फारशी वाढत नाही.

ही लाळेत कशी येते ते मला अजूनही भारी वाटतं. गालगुंड झाले की कानापुढची जी ग्रंथी सुजते ना, तिच्यात आणि जबड्याखालच्या ग्रंथींत प्लाझ्मा सेल्स, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, ठाण मांडून असतात, त्या आयजीएच्या जोड्या बनवतात, दोन अँटीबॉडी शेपटीला शेपटी जोडून, म्हणजे व्हायरस पकडायला चार हात. मग ग्रंथीच्या पेशीवरचा एक रिसेप्टर, म्हणजे पकडून ठेवणारं प्रोटीन, त्या जोडीला धरून आत ओढतो, पेशीच्या आरपार नेतो आणि लाळेत सोडताना स्वतःच कापला जातो, त्याचा तुकडा अँटीबॉडीला चिकटून राहतो आणि तोच तिला तोंडातल्या एन्झाइम्सपासून वाचवतो. एका फेरीत एक रिसेप्टर खलास, परत वापर नाही. एवढी उधळपट्टी शरीर उगाच करत नाही. रोज बनणारं आयजीए बाकी सगळ्या अँटीबॉडी एकत्र केल्या तरी जास्त भरतं (त्यातलं बरंचसं आतड्यांसाठी असतं ते सोडा).

लाळेत आल्यावर काम साधं, व्हायरस पेशीत घुसायच्या आधीच त्याला धरायचं, गुठळी करायची, आपण आवंढा गिळला की रवानगी पोटातल्या ॲसिडमध्ये. ताप नाही, सूज नाही, तुम्हाला पत्ताही नाही. म्हणून कौतुकही नाही. शिवाय लाळेतल्या म्युसिनवर (लाळेला चिकटपणा देणारं प्रोटीन) तीच साखर असते जिला फ्लूचा व्हायरस आपल्या पेशीवर चिकटतो, त्यामुळे बरेचसे तिथेच फसतात. आणि लायसोझाइम हे एन्झाइम आहेच, पण ते मुख्यतः बॅक्टेरियावर चालतं. फ्लेमिंगने 1922 मध्ये ते जाहीर केलं, पेनिसिलिनच्या आधी, आणि ते दिसलं होतं सर्दी झालेल्या माणसाच्या शेंबडात!

मग एवढं असून सर्दी का? एक तर सर्दीचा व्हायरस एक नसतो, नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच 160 च्या वर प्रकार, आणि गेल्या वर्षीच्या प्रकारासाठी बनलेली आयजीए यंदाच्याला ओळखेलच असं नाही. दुसरं, ही अँटीबॉडी टिकाऊ नाही, इन्फेक्शननंतर काही महिन्यांत बरीच ओसरते. आणि गंमत म्हणजे काही लोकांत आयजीए जवळजवळ नसतंच, युरोपियन लोकांत साधारण 600 मध्ये एकाला, आणि त्यातले बहुतेक जण ठणठणीत असतात, कारण त्याच रिसेप्टरवरून आयजीएम ही दुसरी अँटीबॉडी लाळेत जाते आणि वेळ मारून नेते. म्हणजे सगळा भार एकट्या आयजीएवर टाकायचं कारण नाही.

नाकातून लस द्यायची कल्पना यातूनच. पुण्यात सिरमने 2010 मध्ये स्वाइन फ्लूसाठी नेझोव्हॅक काढली होती, नाकात स्प्रे. कोविडसाठी भारत बायोटेकची इन्कोव्हॅक 26 जानेवारी 2023 ला आली, प्रत्येक नाकपुडीत चार थेंब, पण तोवर लोकांचा लशीतला इंटरेस्टच संपला होता. दिशा बरोबर आहे असं माझं मत, फक्त नाक दिवसरात्र धूळ, परागकण, जंतू झेलत असतं, ते प्रत्येक गोष्टीवर भडकत नाही, त्यामुळे तिथे जोरदार आणि टिकणारा रिस्पॉन्स मिळवणं अवघड आहे.

आता पुढचा प्रश्न मला माहितेय, इम्युनिटी बूस्टर पावडर घेऊ का. पैसे वाचवा. काढा आवडत असेल तर प्या, घसा शेकतो, बरं वाटतं. पण सर्दी झाली की तुम्ही मेडिकलमधून आणता ना त्या गोळ्या, क्लोरफेनिरामिनवाल्या, त्या नाकाबरोबर तोंडही कोरडं करतात, आणि बीपीच्या, डिप्रेशनच्या काही गोळ्यांचंही तसंच. लाळ आटली की आधी दात किडतात, ते मला खुर्चीत रोज दिसतं, आणि वर जे सगळं सांगितलं ते लाळेतूनच येतं. मनानेच गोळी बंद करू नका मात्र, फक्त पुढच्या वेळी येताना चालू औषधांची चिठ्ठी तेवढी बरोबर आणा.