दोनच्या हँडओव्हरमधली पाच मिनिटं

कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात कर्मचाऱ्यांसाठी व्यायामाचे मोबाईल संदेश तयार करणं हा माझ्या फिजिओथेरपीच्या कामाचा एक भाग आहे. सिस्टर, ब्रदर, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, लॅब आणि एक्स-रेचे टेक्निशियन, सगळ्यांना ते जातात. या संदेशांच्या आढाव्यासाठी दुपारी दोनची वेळ मुद्दाम धरली होती. आठची सकाळपाळी सुटते, दुपारपाळी येते, आणि हँडओव्हरला, म्हणजे एका पाळीने दुसरीला पेशंटची माहिती सोपवताना, दोन्हीकडची माणसं एका खोलीत सापडतात ती तेवढीच.

सुरुवात सीबॅक फॉर्मने केली, म्हणजे आजारांचा धोका गुणांत मोजणाऱ्या सरकारी फॉर्मने. आशाताई घरोघरी जाऊन तिशीच्या पुढच्या माणसांचा जो भरून घेतात, तोच. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातला बीपी, शुगर किंवा हृदयविकार यांना गुण असतात. बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करायची. इथे प्रत्येकाने स्वतःचा फॉर्म भरायचा होता आणि टेप शेजारणीने लावायची होती, कारण स्वतःची कंबर मोजताना माणूस नकळत पोट आत घेतो.

फळ्यावर एक उदाहरण मांडलं. पंचेचाळिशीतली सिस्टर, वयाचे २ गुण. घेर ९२ सेंटीमीटर. बायकांना ८० पर्यंत शून्य, ९० पर्यंत १ आणि त्यापुढे २, म्हणजे तिला २. आईला मधुमेह, त्याचे आणखी २. आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा कमी व्यायाम, त्याचा १. बेरीज ७. तंबाखू नाही, दारू नाही, तरीही ७. यातलं वय आणि आईचा आजार बदलता येत नाही. घेर सावकाश बदलतो. व्यायामाचा तो एक गुण मात्र थोड्या आठवड्यांत पुसता येतो, आणि तो पुसता पुसता घेरावरही काम होतं.

एका ज्येष्ठ सिस्टरनी लगेच हरकत घेतली. “अवो मॅडम, दिवसभर चालतोयच की आम्ही. सहा तास पाय टेकत नाहीत. आणखी कसला व्यायाम?”

ही हरकत सगळीकडे येते आणि तिला नुसत्या पानभर माहितीने उत्तर देता येत नाही. म्हणून त्यांना वॉर्डात चालतात तसंच कॉरिडॉरमध्ये चालायला सांगितलं आणि चालता चालता आरती म्हणायला सांगितली. अख्खं कडवं एका दमात झालं. मग जिन्याने दोन मजले, जरा झपाझप. वर पोचल्यावर त्या बोलत होत्या, पण आरतीच्या ओळीत मधेच श्वास घ्यावा लागत होता. बोलता येतं पण गाता येत नाही, ती मध्यम गतीची खूण. १५० मिनिटं मोजायची ती अशी. वॉर्डातलं चालणं दहा पावलं, थांबा, वाका, पुन्हा बारा पावलं असं तुटक असतं. पाय दुखतात, पण हृदयाची गती वाढून तशीच टिकत नाही. शिवाय कामातली ओढाताण आणि आपल्या मर्जीने केलेला व्यायाम यांचा हृदयाला सारखा फायदा होत नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. उचलणं, ओढणं, तासन्‌तास उभं राहणं यात शरीराला सावरायला मधे वेळच मिळत नाही.

त्या सिस्टर वरून खाली आल्या त्या दुसरा प्रश्न घेऊनच: “हे कधी करायचं?” मला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच वाटतो. आरोग्य कर्मचाऱ्यांना व्यायामाचे फायदे सांगणारे संदेश पाठवण्यात फार अर्थ नाही. मधुमेहाच्या पेशंटला तेच फायदे त्या रोज सांगतात. त्यांच्याकडे माहिती आहे. जागा, वेळ आणि सोबत नाही. म्हणून आमच्या प्रत्येक संदेशात तीनच गोष्टी असतात: कशानंतर, कुठे, किती. ‘हँडओव्हर संपलं की, औषधाच्या कपाटाशेजारच्या भिंतीला, १० जोर.’ भिंतीपासून एक हात लांब उभं राहून तळवे खांद्याच्या उंचीवर टेकायचे, टाचा जमिनीवर ठेवायच्या, छाती भिंतीकडे न्यायची आणि परत. तालमीच्या गावात जोर आणि बैठका म्हटलं की मामा लोकांना आणखी समजवावं लागत नाही. मावशींना मात्र पहिल्यांदा करून दाखवावं लागतं, कारण तालमीत त्यांना कधी कुणी बोलावलंच नाही.

पूर्वी जागतिक आरोग्य संघटना म्हणायची की व्यायाम सलग १० मिनिटांचा तरी हवा. २०२० च्या मार्गदर्शनात ती अट गेली. मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम, आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम, एवढं तिथे सांगितलंय. वॉर्डासाठी हा बदल फार मोठा आहे. पाच मिनिटांचा जिनाही आता हिशेबात येतो. सुट्टीच्या दिवशी रंकाळ्याला किंवा विद्यापीठाच्या आवारात अर्धा तास झपझप चालून आल्या, तर उरलेले दिवस अशा तुकड्यांनी भरता येतात.

पाठवण्याचं तंत्र सांगते, कारण बरेच जण इथेच अडकतात. व्हॉट्सॲपवर ग्रुप न करता ब्रॉडकास्ट लिस्ट करावी. ग्रुपमध्ये सुप्रभात आणि वाढदिवस यांच्या गर्दीत व्यायाम बुडतो, आणि कुणी ‘आज जमलं नाही’ असं सगळ्यांसमोर लिहीत नाही. ब्रॉडकास्टचं उत्तर फक्त आपल्याला येतं. मात्र एका लिस्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जण बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना संदेश पोचतच नाही. पाठवणाऱ्याला ते सहज कळतही नाही. म्हणून पहिल्या भेटीत समोर बसवूनच नंबर सेव्ह करून घ्यावा.

पाळ्यांप्रमाणे तीन याद्या लागतात. रात्रपाळी करून सकाळी दहाला झोपलेल्या माणसाचा फोन बाराला वाजवला, तर तो आपल्याला म्यूट करतो आणि परत उघडत नाही. त्याला संदेश जायचा तो संध्याकाळी, झोपून उठल्यावर आणि ड्युटीला निघण्याआधी. याद्या शिळ्या होतात, कारण पाळ्या फिरतात. दर रविवारी इन्चार्ज सिस्टरांकडून ड्युटी चार्टचा फोटो मागवून त्या बदलाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण हे सुटलं की सगळंच घसरतं.

आठवड्याला तीन संदेश पुरतात. एक करायचा व्यायाम, एक आठवण, आणि शनिवारी एक प्रश्न: ‘या आठवड्यात किती मिनिटं? फक्त आकडा पाठवा.’ निळी टिक दिसली म्हणजे व्यायाम झाला असं धरू नये. पावलांच्या आकड्यावरही फार विसंबू नये. ड्युटीत फोन कपाटात असतो, ओटी-आयसीयूवाल्यांचा तर नेहमीच, आणि कपाटातला फोन पावलं मोजत नाही. त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने रेघ मारायला सांगतो.

पण त्या दिवशी खरी गोष्ट कळली ती दोन वाजून गेल्यावर. शनिवारचे आकडे पाहता मावशींकडून उत्तर जवळपास येत नव्हतं. कागदावर बघणाऱ्याने त्यांना गळाल्या असंच लिहिलं असतं. हँडओव्हर संपलं, आणि मेडिसिन वॉर्डच्या तीन मावशी ओळीने भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. जोर बरोबर होते, टाचा जमिनीवर, कंबर सरळ. विचारलं तर एकीचा फोन मुलाकडे असतो, एकीकडे बटणांचा साधा फोन, तिसरीला मराठी वाचायला जड जातं. मग कळलं कुठून? तिथल्या इन्चार्ज सिस्टर माझा आवाजी संदेश रोज हँडओव्हरनंतर स्पीकरवर लावत होत्या. त्या एका फोनवर अख्खा वॉर्ड व्यायाम करत होता आणि आमच्या यादीत तो एकच माणूस म्हणून दिसत होता.

यातून कामाची दिशाच बदलली. व्हिडिओ पाहायला प्रत्येकाला आपला फोन, डेटा आणि मोकळे हात लागतात. आवाज चाललेल्या कामावरून सगळ्यांना ऐकू येतो. आता मूळ संदेश आवाजी, ४० सेकंदांच्या आत. व्हिडिओ फक्त नवीन व्यायाम पहिल्यांदा दाखवायला, तोही समोर करून दाखवल्यानंतर. आणि शनिवारचा आकडा माणसागणिक न विचारता वॉर्डागणिक: ‘आज भिंतीला किती जण उभे राहिले?’

मावशींपैकी थोरलीने गुडघ्याचं विचारलं. “खुर्चीच्या बैठकीला गुडघा कटकट वाजतोय. करू का नको?” नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, सूज नसेल तर करायला हरकत नाही. दुखत असेल तर खुर्चीवर घडी केलेली चादर ठेवून बैठक उंच करायची. जितकं कमी वाकायचं तितका गुडघ्यावरचा ताण कमी. पावलं कमरेइतकी फाकवायची, गुडघे आत पडू द्यायचे नाहीत, उठताना जोर टाचेवर द्यायचा. १० वेळा, मग मिनिटभर थांबून आणखी १०. मागे सरकणारी चाकाची खुर्ची अजिबात नको. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. दिवसभर उभं राहणाऱ्यांनी टाचाही १५ वेळा उचलाव्यात, ओट्याला हात धरून. पोटरीचा स्नायू आवळला की पायातलं रक्त वर ढकललं जातं, आणि ड्युटीअखेर पाय जड होतात ते कमी होतं.

प्रत्येक आवाजी संदेशाच्या शेवटी एक ओळ न चुकता असते: छातीत दुखलं, गरगरलं, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबा आणि लगेच वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगा. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी औषधाचं बघायचं, व्यायाम नंतर. गरोदर सिस्टरांना चालणं आणि भिंतीचे जोर बहुतेक वेळा चालतात, पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

पुढच्या आठवड्याचा संदेश थोरल्या मावशींच्याच आवाजात घेतला. लिनन रूमचं दार लावून, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून. पहिल्यांदा त्या पुस्तकी बोलायला लागल्या, तेव्हा समोर दुसरी मावशी उभी केली आणि हिला सांगा म्हटलं. मग नीट आलं: “अगं, हँडओव्हर झालं न्हवं? मग खुर्ची भिंतीला लाव. दहा बैठका. गुडघा दुखला तर चादर ठेव खाली. छातीत काय वाटलं तर थांब, डॉक्टरांस्नी सांग.” सोमवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तो सगळ्या वॉर्डांच्या इन्चार्जना गेला, स्पीकरवर लावा एवढ्या एका ओळीसकट.