चादरींखालचे पंप

मागच्या मे महिन्यात रात्री दोन वाजता आयसीयूतून फोन आला. "भाऊ, सिरिंज पंप पाहिजे, एकही मोकळा नाही." नागपुरात धंतोलीतल्या एका रुग्णालयात मी बायोमेडिकलचं, म्हणजे वैद्यकीय यंत्रांच्या देखभालीचं, काम पाहतो. सिरिंज पंप म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगानं रुग्णाला देणारं यंत्र. रजिस्टरप्रमाणे आमच्याकडे असे ४२ पंप. वॉर्डबॉयला घेऊन चार मजले पालथे घातले. पंप सापडला तिसऱ्या मजल्यावर, कपाटात, धुतलेल्या चादरींखाली. त्याच्या शेजारी आणखी दोन! यात पाऊण तास गेला. तोवर आयसीयूतल्या सिस्टर नॉरअॅड्रेनॅलिनचे, म्हणजे रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचे, थेंब हाताने मोजत उभ्या होत्या.

ज्या सिस्टरनं ते पंप ठेवले होते, तिच्यावर मला राग धरता आला नाही. एकदा दिलेला पंप आपल्या वॉर्डात परतत नाही, हे तिनं दहादा पाहिलंय. उद्या तिच्याच पेशंटला लागला तर ती कुणाकडे मागणार?

त्यानंतर आम्ही रेडिओ टॅग लावायला घेतले. गाडीच्या काचेवर फास्टॅग असतो ना, तीच जात. टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, लहरींवरच तो जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. आपल्याकडे त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. पहिल्या आठवड्यात निम्मे पंप रीडरला दिसेचनात. धातूच्या पाठीवर चिकटवलेला साधा टॅग मुका होतो, आणि सलाईनच्या बाटल्या लहरी शोषून घेतात. मग धातूवर चालणारे जाड टॅग आणले, काही प्लास्टिकच्या मुठीवर लावले. रोज स्पिरिटनं पुसून कडा सुटतात, ते वेगळंच.

रीडर कुठे बसवायचा यावर मी अडून बसलो. २००८ साली अॅमस्टरडॅममधल्या संशोधकांनी ४१ वैद्यकीय उपकरणांजवळ असे टॅग-रीडर चालवून पाहिले होते. १२३ चाचण्यांत ३४ वेळा उपकरणांत बिघाड दिसला, त्यातले २२ धोकादायक. ती चाचणी रुग्ण जवळ नसताना केली होती, पण आमच्या आयसीयूत रुग्ण असतात. म्हणून रीडर पलंगापाशी नकोच. लिफ्टसमोर आणि वॉर्डाच्या दारावर, छताला. यामुळे पंप कोणत्या दारातून शेवटचा गेला एवढंच कळतं, खोली कळत नाही. खोली हवी तर बॅटरीवाले टॅग लागतात, आणि त्या बॅटऱ्या बदलत बसणारा माणूसही. आम्हाला दार पुरलं.

मॅनेजमेंटला मात्र यातून 'कोणी किती लपवले' अशी यादी हवी होती. मी ती दिली नाही. यादी निघाली असती तर पंप चादरींखालून आणखी खोल, छताच्या माळ्यावर गेले असते. त्याऐवजी प्रत्येक वॉर्डाच्या संगणकावर मोकळे पंप कुठे आहेत ते सगळ्यांना दिसेल असं केलं. लिफ्टजवळ एक रॅक ठेवला. मागितला की दहा मिनिटांत पंप पोचवायचा, हा शब्द आम्ही रात्रपाळीतही पाळला. सुरुवातीचे दोन महिने रात्री मी स्वतः थांबलो.

परवा चौथ्या मजल्यावरून फोन आला. "भाऊ, आमच्याकडे दोन जास्तीचे पडून आहेत, घेऊन जा न." वर जाऊन उचलले. दोघांचीही कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासण्याची, तारीख फेब्रुवारीतच उलटून गेली होती.